हाकललेला पोरगा आणि हेन्रिएटा

प्रश्न : परवा मोबाईलवर एक जुना मूकपट बघितला. बड्या शेठचा पोरगा, बाप त्याला घरातून हाकलतो आणि शेवटी तोच शेअर बाजारात जाऊन बापाला वाचवतो. हिरो बस्टर कीटन. पण कीटन म्हणजे धडाधड पडणारा माणूस ना, इथं तासभर नुसता सूट घालून उभा. आणि शेवटी सगळे हेन्रिएटा हेन्रिएटा काय ओरडत असतात?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : तो 'द सॅपहेड', १९२० चा. म्हणजे आपल्या बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'चं साल, कोल्हापुरातपण तेव्हा पाट्या वाचायचेच पिक्चर. कीटनचा हा पहिला मोठ्या लांबीचा पिक्चर खरा, पण त्यानं स्वतः बनवलेला नव्हे. आधी नाटक होतं, त्यात हे पोराचं काम डग्लस फेअरबँक्सनं, म्हणजे त्या काळच्या हॉलिवूडच्या बड्या हिरोनं, केलेलं आणि पिक्चरला कीटनचं नावपण त्यानंच सुचवलं, बाप झालेला विल्यम क्रेन तर थेट नाटकातनंच आलेला. त्यामुळं सगळं दिवाणखान्यात, येणं-जाणं नि बोलणं, आणि बोललेलं ऐकू येत नाही ही पंचाईत. माझ्या मते मधला भाग कंटाळवाणाच आहे. बाप हाकलतो तेव्हा हातात दहा लाख डॉलरचा चेक देतो ते मात्र भारी, असं हाकललं तर कोण नको म्हणेल ओ!

आता हेन्रिएटा. बापाच्या चांदीच्या खाणीचं नाव ते. पण जावयाचं जिच्याशी लफडं होतं त्या बाईचंही नाव तेच, आणि जावयानं ते लफडं ऐन लग्नात बर्टीच्या, म्हणजे या पोराच्या गळ्यात मारलेलं. पुढं तोच जावई खाणीचे शेअर पाडून विकायला काढतो, दलाल बाजारात हेन्रिएटा म्हणून बोंबलतात आणि आपल्या येड्याला वाटतं मलाच चिडवायलेत. मग एकजण सांगतो, जो कोण हे नाव घेईल त्याला 'घेतला' म्हण, गप्प बसतील. झालं, हा पठ्ठ्या एकेकाच्या अंगावर उड्या मारत घेतला घेतला करत सुटतो, आपण काय विकत घेतोय याचा पत्ता नाही, आणि भाव परत वर. गुळाच्या सौद्यात नवखं पोरगं सोडल्यागत. तिथं तुमचा पडणारा कीटन सापडतो बघा, उड्या, धक्काबुक्की, आणि तोंडावरची माशी हलत नाही.