वाचक विचारतात : रोममधले राजद्रोहाचे खटले आणि जप्त्या

प्रश्न : तिबेरियस, नीरो यांच्या काळात बडी बडी माणसं राजद्रोहाच्या आरोपाखाली संपली. हे खटले सम्राटाचे हेर चालवायचे का?

उत्तर : नाही. रोममध्ये सरकारी वकीलच नव्हता. कोणीही नागरिकाने फिर्याद द्यायची, पुरावे जमवायचे आणि न्यायासनासमोर स्वतः उभं राहून आरोप मांडायचे. आरोपी दोषी ठरला, की त्याच्या मिळकतीचा चौथा हिस्सा कायद्यानेच फिर्यादीला मिळे. सिनेटर (रोमच्या सिनेट या वरिष्ठ सभेचा सदस्य) राहायला किमान १० लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणं) मालमत्ता लागे आणि साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार होता ९०० सेस्टर्स. म्हणजे अगदी काठावरचा सिनेटर गळाला लागला, तरी सैनिकाच्या पावणेतीनशे वर्षांच्या पगाराहून जास्त रक्कम हाती. काही वेळा सम्राटाच्या मर्जीने याहून मोठं बक्षीस मिळे. इ.स. ६६ मध्ये, नीरोच्या काळात, सिनेटर थ्रासिया पेटसवर आरोप ठेवणाऱ्या दोघा मुख्य फिर्यादींना प्रत्येकी ५० लाख मिळाले.

प्रश्न : पण आरोप उभा कसा करत? पुरावा तर हवाच ना?

उत्तर : हवा असे, आणि तो आधीपासून पेरला जाई. तिबेरियसच्या काळातला, इ.स. १६ मधला, लिबो ड्रुसस या बड्या घरच्या तरुणाचा खटला पाहा. त्याचाच मित्र, सिनेटर फर्मियस कॅटस, याने त्याला ज्योतिषी आणि मांत्रिकांच्या नादी लावलं, चैनीच्या आणि कर्जाच्या भरीस घातलं. पुरेसे साक्षीदार तयार झाल्यावर खबर तिबेरियसपर्यंत पोचवली. तिबेरियसने लगेच काही केलं नाही. उलट लिबोला प्रेटरपद (वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याचं पद) दिलं, जेवायला बोलावलं आणि तो काय बोलतो-करतो ते पाहत राहिला.

सिनेटसमोर आलेले कागद बहुतेक हास्यास्पद होते. रोमपासून दक्षिणेकडच्या ब्रुंडिसियम बंदरापर्यंतचा अ‍ॅपियन मार्ग नाण्यांनी झाकता येईल इतका पैसा मला मिळेल का, असा लिबोचा एक प्रश्न! घात केला तो एका चिठ्ठीने. तीत सम्राटाच्या घराण्यातल्या आणि सिनेटरांच्या नावांपुढे गूढ खुणा होत्या. अक्षर आपलं नाही, असं लिबो म्हणाला. मग ते ओळखायला त्याच्या गुलामांची छळ करून जबानी घ्यायचं ठरलं. अडचण एवढीच, की मालकाच्या जिवावर बेतणाऱ्या खटल्यात त्याच्या गुलामांची अशी जबानी घ्यायला जुन्या ठरावाने बंदी होती. तिबेरियसने ते गुलाम एकेक करून सरकारी मुखत्याराला विकायला लावले. मालक बदलला, बंदी संपली! आमच्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात थंड डोक्याने केलेली गोष्ट हीच.

लिबोने एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि घरी जाऊन जीव दिला.

प्रश्न : निकालाआधीच आत्महत्या करण्याची एवढी घाई का?

उत्तर : दोषी ठरलेल्याची मिळकत जप्त होई आणि त्याला दफनही नाकारलं जाई. आधीच जीव दिला, तर अंत्यविधी होत आणि मृत्युपत्र चालत असे. पण याची हमी नव्हती. लिबोच्या मृत्यूनंतरही खटला पुढे चालवला गेला, मिळकत फिर्यादींनी वाटून घेतली आणि त्यांच्यातल्या सिनेटरांना वर प्रेटरपदं मिळाली. इ.स. २४ मध्ये गायस सिलियस या सेनापतीने निकालाआधी जीव दिला, तरी त्याच्या मिळकतीवर गदा आलीच; त्याच्याबरोबर दोषी ठरलेल्या त्याच्या बायकोच्या, सोसियाच्या, मिळकतीतले चारातले तीन हिस्से मुलांसाठी वाचवायला मार्कस लेपिडस या सिनेटरला सिनेटमध्ये खटपट करावी लागली. त्याच वर्षी, आरोपीने आत्महत्या केली तर फिर्यादीला बक्षीस नको, अशी सूचना आली होती. तिबेरियसने ती ठाम विरोध करून हाणून पाडली. बक्षीस गेलं, तर फिर्याद देणार कोण?

घरच्यांसाठी मिळकत वाचवायची दुसरी युक्ती म्हणजे मृत्युपत्रात सम्राटालाच वाटेकरी करायचं. सेनापती अग्रिकोलावर खटला झाला नव्हता, तरी इ.स. ९३ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात बायको-मुलीबरोबर सम्राट डोमिशियनचं नाव होतं.

प्रश्न : फिर्यादीला धोका काहीच नव्हता?

उत्तर : खोट्या फिर्यादीला शिक्षा होती, पण खरी भीती सम्राट बदलण्याची. पुढे सम्राट टायटसने असल्या लोकांना फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) फटके मारवले, सम्राट ट्राजनने जहाजांत भरून समुद्रात सोडून दिलं. नीरोच्या आधीचा सम्राट क्लॉडियस याच्या काळात अनेकांना गोत्यात आणणारा फिर्यादी सुइलियस नीरोच्या राज्यात, इ.स. ५८ मध्ये, स्वतःच दोषी ठरला. मिळकतीचा एक भाग गेला आणि रवानगी स्पेनजवळच्या बलेरिक बेटांवर झाली. तिथेही तो ऐषारामात राहिला, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो.