संगणक प्रश्नोत्तरे: डोंगल लावला, पण वायफाय कुठे आहे?

(आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलं आहे.)

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २१ टाकलं आणि ऑनलाइन एक स्वस्त यूएसबी वायफाय डोंगल मागवला. खोक्यावर 'लिनक्स सपोर्ट' छापलंय. लावला की पडद्यावर सीडीचं चित्र येतं, आत विंडोजची सेटअप फाइल. वायफायच्या यादीत काहीच नाही. डोंगल खराब निघाला का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: खराब नाही, फक्त तो अजून वायफाय झालेला नाही. अशा डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) ठेवलेला असतो आणि लावल्या लावल्या डोंगल सीडी ड्राइव्ह म्हणून हजर होतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर बसला की तोच डोंगलचं रूप पालटून घेतो. लिनक्समध्ये ते आपल्याला करावं लागतं.

खोक्यावरचं नाव विसरा. एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत वेगवेगळ्या चिप निघतात, त्यामुळे नावावरून ड्रायव्हर शोधणं म्हणजे अंधारात तीर. टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' द्या. येणाऱ्या यादीत '०बीडीए:१ए२बी' अशी ओळ दिसली तर निदान झालं: ०बीडीए हा रिअलटेकचा क्रमांक, १ए२बी म्हणजे डोंगल सीडीच्या रूपात आहे.

आता इंटरनेट लागेल आणि तेच तर नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंट त्याला तारेचं नेटवर्क समजून लगेच जोडून घेतं. टेदरिंगचं बटण फिकटच राहिलं तर केबल बदला. काही केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात.

'सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज टाका. मग:

सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी

यातला 'के' मोठा. पॅकेजच्या नावात आडवी रेघ आहे, आज्ञेत मात्र खालची रेघ. 'आज्ञा सापडली नाही' असा संदेश आला तर बहुतेक वेळा चूक इथेच असते. आता पुन्हा 'एलएसयूएसबी' दिलं की कोलननंतरचा क्रमांक बदललेला दिसेल. तो 'सी८११' झाला असेल तर चिप आरटीएल८८११सीयू.

तरीही नेटवर्क दिसणार नाहीत, कारण मिंट २१ मुळात कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ घेऊन येतं. या कुळातल्या यूएसबी चिपना कर्नलमध्येच जागा मिळाली ती ६.२ पासून. कुठून तरी ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) उतरवून कंपाइल करत बसू नका. अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूतून 'लिनक्स कर्नल्स' उघडा, ६.८ निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. 'युनेम -आर'ने आकडा तपासा. मग 'आयपी लिंक'मध्ये 'डब्ल्यूएलएक्स'ने सुरू होणारं लांबलचक नाव दिसलं की काम झालं. त्या नावातली पुढची बारा अक्षरं म्हणजे डोंगलचा मॅक पत्ता, त्याची नेटवर्कवरची ओळख.

दर वेळी सुरू करताना सीडी परत येत असेल तर 'सुडो क्रॉनटॅब -ई' (आपोआप चालायच्या आज्ञांची यादी) उघडून '@रीबूट'पुढे वरचीच आज्ञा 'सुडो' वगळून आणि पूर्ण मार्गासह (/यूएसआर/एसबिन/ पासून) लिहा. मात्र चालू संगणकात डोंगल काढून परत लावला, तर आज्ञा हातानेच द्यावी लागेल.

प्रश्न: डेबियन १२ वर आरटीएल८८२१सीयू चिपचा डोंगल आहे. सोर्स उतरवून 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' केलं, दोन महिने उत्तम चाललं. परवा अपडेटनंतर वायफाय गायब. कर्नल तर तोच ६.१ आहे!
— एक वाचक, पुणे

उत्तर: तोच दिसतो, पण तोच नाही. डेबियन सुरक्षा दुरुस्त्या देताना ६.१.० नंतरचा आकडा वाढवतं आणि प्रत्येक आकड्याचं '/लिब/मॉड्यूल्स'मध्ये वेगळं फोल्डर असतं. तुमचा ड्रायव्हर जुन्या फोल्डरात पडून आहे. आत्ता नेट हवं असेल तर संगणक सुरू होतानाच्या ग्रब मेनूत (कर्नल निवडायच्या यादीत) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. वायफाय परत येईल.

कायमचा उपाय डीकेएमएस. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपणहून बांधतो, पण त्याला त्या कर्नलचे हेडर (बांधणीसाठी लागणाऱ्या फाइली) लागतात. बहुतेक जण 'युनेम -आर' वापरून फक्त चालू कर्नलचे हेडर टाकतात आणि पुढच्या अपडेटला परत तीच रड. त्याऐवजी 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज टाका; नव्या कर्नलबरोबर नवे हेडरही येत राहतील. मग सोर्समधल्या डीकेएमएसच्या स्क्रिप्टने ड्रायव्हर बसवा. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' हवं. नुसतं 'अ‍ॅडेड' म्हणजे अजून बांधणी झालेली नाही.

ड्रायव्हर बांधला, तरी 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं तर सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी सोय) आडवं आलंय. ते बंद करण्यापेक्षा डीकेएमएसच्या सहीची किल्ली नोंदवा: 'सुडो मॉकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब'. तात्पुरता पासवर्ड मागेल, तो लिहून ठेवा. पुन्हा सुरू करताना निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणतंही बटण दाबून 'एनरोल मॉक' निवडायचं. त्या वेळी चहा आणायला गेलात तर किल्ली नोंदवली जात नाही आणि सगळं पहिल्यापासून.

डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आहे, तिथे या चिपला बाहेरचा ड्रायव्हर लागत नाही. वर चढण्याआधी मात्र डीकेएमएसमधून तो काढून टाका. नव्या कर्नलवर त्याची बांधणी फसली तर अपग्रेड मध्येच अडकतं.

प्रश्न: नवा डोंगल घ्यायचाय, ही कटकट नको. काय बघू?
— एक वाचक, पणजी

उत्तर: मीडियाटेकची चिप. एमटी७६१२यू कर्नल ४.१९ पासून चालते, एमटी७९२१एयू ५.१८ पासून. विक्रेत्याला चिपचा क्रमांक सांगता येत नसेल तर घेऊ नका. आणि डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात थेट खुपसू नका: त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो आणि वेग पडतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवा, किंवा ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा.