बागेच्या कडेचं गवत कधी जाळावं?

प्रश्न : अलिबाग तालुक्यात डोंगराच्या पश्चिम उतारावर आमची आंबा-काजूची बाग आहे. वणवा आत शिरू नये म्हणून वडील दर वर्षी हद्दीवरचं गवत जाळून टाकायचे. आता ते थकलेत. आम्ही दादरला राहतो, रविवारच मिळतो. सकाळच्या लाँचने मांडव्याला उतरायचं, दुपारी जाळायचं आणि संध्याकाळी परत, असं जमेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : दुपारी तर नकोच. आणि त्याच दिवशी परतायचं असेल तर सकाळीही काडी लावू नका.

तुमचा उतार समुद्राकडे तोंड करून आहे, सगळी गोम तिथे आहे. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे वाहतात, तुमच्याकडे डोंगरावरून खाली. जमीन तापली की दुपारच्या सुमारास वारा फिरतो आणि खारे वारे सरळ चढावर येतात. आग मुळातच चढावर वेगाने पळते. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट धरायचा, हा आमच्या कामातला ठोकताळा. त्यात मागून वारा मिळाला तर ती आवरत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाळरेषांचं (वणवा अडवण्यासाठी आधीच जाळून ठेवलेल्या पट्ट्यांचं) काम करताना साडेदहानंतर मी कुणाला नवीन काडी लावू देत नसे.

फार लवकरही नको. दव असताना गवत नुसतं धुमसतं, आणि जमिनीलगतच्या थंड हवेच्या थरात धूर गावावर बसून राहतो. वाडीतल्या चुलीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल तर थांबा. तो मोकळा वर जाऊ लागला, पानं सळसळताहेत, चेहऱ्याला वारा एकाच बाजूने लागतोय, की सुरुवात करा. धूळ-पाचोळा उडू लागला तर बंद. अगदी पडलेला वाराही मला आवडत नाही, कारण तो पुढे कुठून उठेल ते सांगता येत नाही.

आदल्या दिवशी हवामान खात्याचे आकडे पाहा. आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली जाणार असेल तर बेत रद्द. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेचं तापमान अचानक 37-38 अंशांवर गेलं, तर बहुधा पूर्वेचे कोरडे वारे जोरात आहेत आणि खारे वारे उशिरा येणार. त्या दिवसांत गवताला हातही लावू नका. वनखात्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात. तुमचं काम त्याआधी उरकायला हवं.

शनिवारीच जा. जाळायच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना मीटरभर जमीन दाताळ्याने उघडी करा, मधे तशाच आडव्या उघड्या रेघा काढून त्याचे तुकडे पाडा. रविवारी सकाळी वरच्या टोकापासून एकेक तुकडा जाळत खाली या, म्हणजे वारा लवकर फिरला तरी वर पेटायला काही उरत नाही. पाण्याने भरलेले फवारणी पंप, हिरव्या फांद्या आणि चार-पाच माणसं हवीत. झाडांखालचं गवत मात्र कापूनच काढा. तिथे आग नको, मोहोर करपतो.

शेजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला आधी कळवा. हद्दीला वनजमीन असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय काहीच करू नका, राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याचा 1926 हा फोन क्रमांक जवळ ठेवा.

काम साडेदहाला संपलं तरी रविवारी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबा. शेणाच्या गोवऱ्या आणि जुने बुंधे आत धुमसत राहतात, दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेटतात. प्रत्येक बुंध्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब पाहा, पाणी ओता, माती उकरून पुन्हा ओता. सोमवारची सुट्टी काढता येत असेल तर जरूर काढा.