वडिलांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलता येणार नाही म्हणाले. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे घरी नेऊन नुसती वाट बघायची का?

नाही, अजिबात नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार. मी ठाण्यात घरी जाऊन अशा रुग्णांची देखभाल करणारी नर्स आहे. तुम्ही लिहिलंय की बाबा ८४ वर्षांचे आहेत, एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप) फार अरुंद झालाय, किडनीही थकल्या आहेत आणि डॉक्टरांनी टावी, म्हणजे छाती न उघडता रक्तवाहिनीतून नळीने नवा व्हॉल्व्ह बसवणं, नको म्हटलंय. व्हॉल्व्ह उघडत नसला तरी धाप, सूज, झोप, भीती या सगळ्यावर उपचार असतात.

धापेचंच बघा. लघवीच्या गोळीची दुसरी मात्रा दुपारी चारच्या आत द्या, नाहीतर बाबा रात्रभर उठत राहतील. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करा. लोणचं-पापड बंद. झोपवताना पाठीला उशा लावून अर्धवट बसतं ठेवा, टेबलफॅनचा वारा थेट चेहऱ्यावर येऊ द्या. ऑक्सिजन कमी नसेल तर सिलिंडरपेक्षा या वाऱ्यानेच जास्त बरं वाटतं. तरीही धाप राहिली तर मॉर्फिनची अगदी छोटी मात्रा देतात. नाव ऐकूनच घरचे घाबरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीत, किडनी बघून मात्रा ठरवली, तर त्याने माणूस शांत श्वास घेतो. सोबत पोट साफ व्हायचं औषध मात्र हवंच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. छातीत दुखलं की शेजारीपाजारी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायला सांगतात. या आजारात त्याने बीपी एकदम खाली जाऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गुडघेदुखीसाठी ब्रुफेनसारख्या गोळ्याही नकोत, त्यांनी पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो.

पॅलिएटिव्ह म्हटलं की लोक थेट खारघरला टाटाच्या केंद्रात जायला निघतात. ते कॅन्सरसाठी आहे. तुमच्या कार्डिऑलॉजिस्टनाच विचारा की घरी येणारा पॅलिएटिव्ह डॉक्टर कोण.

आणि रात्री दोनला धाप वाढली तर काय करायचं, ते आत्ताच ठरवा. १०८ बोलवायची की घरीच औषध द्यायचं? नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतीतून बाबांना खाली कोण आणणार? व्हेंटिलेटर हवा का, हे त्यांनाच विचारा, बरं वाटत असेल त्या दिवशी, आणि तुमच्या भावंडांसमोर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बाबांच्या छातीत ठोके बिघडल्यावर हृदयाला शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल, तर शेवटच्या काळात त्याचे शॉक बंद करता येतात. तेही पुढच्या भेटीत विचारून घ्या.