कंपनी राजीनामा मागतेय. देऊन टाकावा आणि नाशिकला परत यावं का?

तुमचं म्हणणं असं, की पुण्यात साडेचार वर्षं झालीत, एचआरने कॉलवर सांगितलंय की शुक्रवारपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका, रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ. आणि तो टाकून नाशिकला आईवडिलांकडे येऊन नोकरी शोधावी, असं मनात आहे.

राजीनामा टाकू नका. नाशिकचं नंतर बघू.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जून २०१८ ला हिंजवडीतल्या एका कंपनीत लागले. लॉकडाउनमध्ये नाशिकला इंदिरानगरच्या घरी आले ती इथूनच काम करत राहिले. एप्रिल २०२३ मध्ये कॅलेंडरवर 'क्विक कनेक्ट' नावाचा पंधरा मिनिटांचा कॉल येऊन पडला. मॅनेजरचा कॅमेरा बंद. एचआरची मुलगी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, एकदम गोड आवाज. प्रोजेक्ट रॅम्प डाउन होतोय, म्हणजे हळूहळू बंद होतोय, दुसरीकडे ओपनिंग नाही, आजच राजीनामा टाकलात तर उद्याचा लास्ट वर्किंग डे धरू आणि एक महिन्याचं बेसिक (मूळ पगार) देऊ. नाहीतर टर्मिनेशन दाखवावं लागेल, आणि ते तुमच्या प्रोफाइलला बरं दिसणार नाही मॅम.

मी म्हटलं, हे सगळं मला मेलवर पाठवा. तर म्हणे, मेलची काय गरज, आपण बोलतोयच ना. तेव्हा कॉल चालू असतानाच मी मेल टाइप केला: आज अमुक वाजता कंपनीने मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी तो दिलेला नाही, नोटीस पिरियडसकट काम करायला तयार आहे. दोघांना पाठवला, स्वतःच्या जीमेलला बीसीसी. मॅनेजरचा कॅमेरा लगेच सुरू झाला.

संध्याकाळी दादाला फोन केला. दादा सातपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेलला, म्हणजे त्यांच्याकडच्या एचआरला. आयुष्यभर लोकांकडून 'वैयक्तिक कारणास्तव' असे राजीनामे लिहून घेतलेला माणूस. वाटलं होतं, पलीकडच्या बाजूच्या खाचाखोचा सांगेल. तर म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. कंपनीशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? आणि तुम्हा आयटीवाल्यांना कसली आलीय ग्रॅच्युइटी!"

ग्रॅच्युइटीचा विषय मी काढलाच नव्हता, त्याने काढला. म्हणजे त्याला बरोबर माहीत होतं गोम कुठे आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सुटताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, ती पाच वर्षं झाल्यावर मिळते, आणि पाच वर्षं पूर्ण व्हायला मला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचलं. दोन्ही बाजूंना ९० दिवसांची नोटीस. उद्या बाहेर पडले तर पाच वर्षं झाली नाहीत म्हणून कंपनी ग्रॅच्युइटी शून्य धरणार, नोटीस पूर्ण केली तर जुलै उजाडतो आणि पाच वर्षं होतात. तेव्हाच्या कायद्याने हिशेब सरळ होता: शेवटचं बेसिक (डीए असेल तर धरून) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. माझं बेसिक ४२ हजार होतं, म्हणजे १ लाख २१ हजारांच्या वर. शिवाय तीन महिन्यांचा पगार. हे सगळं एका 'क्विक कनेक्ट'मध्ये सोडून द्यायचं, का, तर नाव खराब होऊ नये म्हणून!

पुढचा आठवडा वाईट गेला, खोटं कशाला बोलू. एचआरचे रोज फोन, मी रोज एकच वाक्य: टर्मिनेट करायचं असेल तर कारणासकट लेखी द्या. ते त्यांना नको असतं. कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात असंच दिसायला हवं असतं, कारण कपात म्हटली की नोटीस, भरपाई असं लचांड मागे लागतं. शेवटी नोटीस पिरियड मान्य झाला. काम काढून घेतलं, बेंचवर बसवलं, तरी पगार खात्यात येत राहिला.

आणि नाव काही खराब झालं नाही, उलटंच झालं. नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइलला 'सर्व्हिंग नोटीस पिरियड' टाकल्याबरोबर फोन वाढले. रिक्रूटर त्यावर फिल्टर लावतात. ९० दिवस थांबायला कुणी तयार नसतं, पण महिन्याभरात सुटणारा, अजून पगारावर असलेला माणूस सगळ्यांना हवा असतो. दादाच्या सल्ल्याने गेले असते तर पहिल्या इंटरव्ह्यूपासून 'गॅप का आहे' याची उत्तरं देत बसले असते. तो अजून म्हणतो, तुझं नशीब चांगलं. नशीब कसलं, अपॉइंटमेंट लेटर वाचलं म्हणून.

तुमचं साडेचार वर्षांचं गणित तर आणखी नाजूक आहे. चार वर्षं २४० दिवस झाले की पाचवं वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे. सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत, पण ९० दिवस मिळाले तर तुम्ही निदान भांडायच्या जागी तरी येता. शुक्रवारी गेलात तर तेही नाही.

आजच्या आज सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर उतरवून घ्या. फक्त स्वतःची कागदपत्रं, कंपनीची एक फाइलसुद्धा नाही, नाहीतर त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. लॅपटॉपचा ॲक्सेस कधी जाईल ते सांगून जात नाही. ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्यात आईवडील असतील तर त्यांच्या पॉलिसीचं आधी बघा.

आता नाशिक. आहे काम, अगदी नाही असं नाही. सातपूरला ईएसडीएस या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर आहे, विनजीत ही सॉफ्टवेअर कंपनी आहे, टीसीएसचंही ऑफिस आहे, आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडला छोट्या कंपन्या पुष्कळ. मी तशाच एका छोट्या कंपनीत आहे, पुण्याच्या पगाराच्या साधारण दोन तृतीयांशावर. पण अंबडला एमआयडीसीने आयटीसाठी बांधलेली इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडलेली बघतच आपण मोठे झालो. तेव्हा नाशिकमध्ये आयटी येणार, या बातमीवर भाकरी थापू नका. पुणे-नाशिक रेल्वेचंही तेच. नारायणगावजवळ खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीपाशी मार्ग अडकला, आणि आपण अजून सिन्नर, संगमनेर करत पाच तास बसमध्ये. 'इंटरव्ह्यूपुरतं जाऊन येईन' हे वाटतं तितकं सोपं नाही, शेवटची फेरी हल्ली बऱ्याच ठिकाणी समोर बसवून घेतात.

एक राहिलं, मी वकील नाही. लेटरमध्ये 'नोटीसऐवजी पगार देऊन लगेच मुक्त करण्याचा कंपनीला अधिकार' असं कलम असेल तर माझी युक्ती तुम्हाला तशीच्या तशी लागू पडणार नाही. पण मग नोटीसचे पूर्ण पैसे मागा, एका महिन्यावर गप्प बसू नका. मॅनेजर पदावर असाल तर कपातीच्या भरपाईचा कायदा बहुधा तुम्हाला लागू होत नाही. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे आलेत, त्यामुळे शुक्रवारच्या आत कामगार कायद्याच्या वकिलाला तासभर फी देऊन लेटर दाखवा. दादासारख्या पर्सोनेलवाल्याला मात्र विचारू नका, सख्खा असला तरी.

आणि पुण्यातली खोली नोटीस संपेपर्यंत सोडू नका.