थंडीतली कोवळी रोपं : आधी कापड, मग औषध

प्रश्न : नुकतीच लावलेली कोबीची, टोमॅटोची रोपं सकाळी जमिनीलगत कापून पडलेली दिसतात. दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून फवारायला सांगितलं आहे. फवारू का?

उत्तर : नको. कापलेल्या रोपाभोवतीची माती आधी बोटांनी उकरा, इंच-दीड इंच. मातकट रंगाची, हात लागताच गोल वेटोळं करणारी अळी सापडेल. ही कुरतडणारी अळी. दिवसा मातीत, रात्री वर. तुम्ही दुपारी पानं भिजवणार आणि ती मातीत झोपलेली. मग औषध पडलं कुणावर? रात्री बॅटरी घेऊन निघा, अळ्या वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. खोडाला पुठ्ठ्याची नळी घाला, इंचभर मातीत, दोन इंच वर. पुढच्या खेपेला लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी वाफ्यातलं तण काढून टाका, कारण पतंग त्यावर अंडी घालतो.

आता त्या तीन औषधांबद्दल. गारठ्यात पान सावकाश वाळतं, द्रावण त्यावर तासन्‌तास राहतं आणि कोवळं पान करपतं. मग तेच करपणं 'रोग' म्हणून दाखवायचं आणि चौथी बाटली गळ्यात मारायची. असे वाफे मी दरसाल पाहतो. एका वेळी एकच औषध, आणि डोस लेबलवरचाच. दुप्पट डोसने कीड दुप्पट मरत नाही, रोप मात्र मरतं. रात्री गोठण्याइतकी थंडी पडणार असेल त्या दिवशी पंप उचलूच नका. एरवी दव सुकल्यावर फवारा. बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध, अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं आणि थंडीत अळी खातेच कमी. तेव्हा दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून डोस वाढवायचा नाही. निंबोळी तेल थंडीत तुपासारखं थिजतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा, गुठळ्यांसकट पंपात ओतू नका.

माझा आग्रह एकच : पांढऱ्या हलक्या कापडाचं क्रॉप कव्हर, लागवडीच्याच दिवशी, कडा मातीत पुरून. मावा, पिसू भुंगेरे, कोबीवरचे पतंग बाहेरच राहतात आणि थंडीचा कडाकाही थोडा कमी होतो. कीड दिसल्यावर झाकलंत तर तिलाच घर बांधून दिलंत. गेल्या हंगामात जिथे कोबी होती तिथे पुन्हा कोबी लावून झाकू नका. मुळं खाणाऱ्या माशीचे कोष मातीत असतील तर माशी आतच निघते. या कापडासाठी अनुदान हवं असेल तर अर्ज आणि मंजुरी आधी, खरेदी नंतर.

पानांना भोकं आणि वाफ्यावर चकाकती चिकट रेघ असेल तर ती गोगलगाय. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्या. मीठ टाकू नका, माती बिघडते. आमिष आयर्न फॉस्फेटचं घ्या. मेटाल्डिहाइडचं आमिष कुत्र्यांच्या जिवावर उठतं.

खोड कापलेलं नाही, पण बुडाशी पाणचट होऊन रोप आडवं झालंय? तो मर रोग, बुरशीमुळे होणारा. कीटकनाशकाचा उपयोग शून्य. पाणी तोडा, रोपं विरळ करा.

प्रश्न : पानं खालून जांभळी पडली आहेत. दुकानदार म्हणतो कीड आहे.

उत्तर : पान उलटं करून भिंगाने बघा. कीड नसेल तर बहुतेक वेळा थंड मातीतून मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, एवढंच. काही फवारू नका. माती तापली की नवी पानं हिरवी येतील. जुनी तशीच राहिली तरी चालतील.