शर्यत, स्पर्धा आणि अजिंक्यपद

महिला महाविद्यालयीन रोइंगच्या, म्हणजे वल्ह्यांनी नौका चालवण्याच्या खेळाच्या, इतिहासावरील लेखाचे मराठी करताना 'रेस', 'रेगाटा' आणि 'चॅम्पियनशिप' या तिन्हींसाठी 'नौकानयन स्पर्धा' हा एकच शब्दप्रयोग चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते तो चालणार नाही, कारण या खेळाच्या इतिहासात नेमका हाच फरक महत्त्वाचा आहे.

'वक्तृत्व स्पर्धा' आपण म्हणतो, 'वक्तृत्वाची शर्यत' कधीच म्हणत नाही. बैलगाड्यांची मात्र शर्यतच असते. आधी कोण पोहोचले एवढ्यावरच निकाल लागतो ती शर्यत, आणि परीक्षकांचे मतही ज्यात चालते ती स्पर्धा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थिनींची पहिली लढत १९२७ मध्ये ऑक्सफर्डला झाली, तेव्हा दोन्ही नौका एकमेकींशेजारून धावल्याच नाहीत. वेळेबरोबरच वल्हवण्याची शैली पाहून निर्णय दिला गेला आणि ऑक्सफर्डला विजयी ठरवण्यात आले. त्या प्रसंगाला 'शर्यत' म्हटले तर मुलींना तेव्हा शर्यत लावू दिली गेली नव्हती, ही गोष्टच वाक्यातून नाहीशी होते. २०१५ पासून महिलांची लढत लंडनमध्ये थेम्स नदीवर, पुरुषांच्याच दिवशी आणि त्याच सुमारे ६.८ किलोमीटरच्या मार्गावर होते. तिला मात्र निःशंकपणे शर्यत म्हणावे.

'अजिंक्यपद' हा शब्द अमेरिकेच्या संदर्भात लागतो. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटना, म्हणजे एनसीएए, १९९७ पासून महिलांचे रोइंग अजिंक्यपद भरवते आणि पहिले अजिंक्यपद वॉशिंग्टन विद्यापीठाने मिळवले. संघटनेच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे प्रथम श्रेणीत, प्रत्येक विद्यापीठ आठजणींच्या दोन आणि चौघींची एक अशा तीन नौका उतरवते. शर्यती नौकांच्या होतात, गुण त्यांतील क्रमांकांवरून मिळतात आणि अजिंक्यपद बेरजेवरून विद्यापीठाला जाते. म्हणून 'शर्यत जिंकली' आणि 'अजिंक्यपद जिंकले' ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. पुरुषांचे रोइंग अजिंक्यपद ही संघटना भरवतच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

'रेगाटा' म्हणजे अनेक शर्यतींचा मेळा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाटामुळे हा शब्द आपल्याकडे ओळखीचा झाला आहे, तेव्हा तो तसाच ठेवावा.

राहिला 'नौकानयन'. त्यातील 'नयन' म्हणजे डोळा नव्हे, तर 'नी' धातूवरून आलेले 'नेणे'. त्यामुळे शिडाची नौका, मालवाहू जहाज आणि वल्ह्यांची होडी हे सारेच त्यात मावते. रोइंग खेळाडू दत्तू भोकनळ यांना वृत्तपत्रांनी नौकानयनपटू म्हटले आणि तो शब्द या खेळासाठी रुळला आहे हे खरे, तरी पहिल्या उल्लेखात 'वल्हवण्याच्या शर्यती' असे लिहावे आणि पुढे 'रोइंग' वापरावे. 'नौकाविहार' मात्र टाळावा. विहारात घाम गाळणे अपेक्षित नसते.

एक सावधगिरीही हवी. महाविद्यालयांतील महिला संघ वाढले त्यामागे अमेरिकेतील शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा 'टायटल नाइन' हा कायदा आहे. खेळाच्या बातमीत 'टायटल' म्हणजे अजिंक्यपद, पण कायद्याच्या भाषेत ते प्रकरण किंवा भाग असते. तेव्हा 'नववे अजिंक्यपद' असे भाषांतर हातून होऊ देऊ नये.